अशोकाला मिरवणुकीत अडकवू नका

रोमच्या ऑगस्टसचे नाव दरवर्षी कॅलेंडरवर आपोआप येते. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील देवटेकला, प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा अशोककालीन शिलालेख सापडला, हे किती भीमसैनिकांना ठाऊक आहे? पुढे त्याच शिळेवर वाकाटक राजा रुद्रसेनाने आपला लेख कोरला. कीर्ती अशीही पुसली जाते.

आम्ही जयंतीला मिरवणूक काढतो. तेरावा शिलालेख मात्र वाचत नाही. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख परागंदा केली गेली, याचा पश्चात्ताप त्यात आहे. आणि त्याच लेखात अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या लोकांना सम्राटाच्या सामर्थ्याचा इशाराही आहे!

गडचिरोलीच्या माडिया, गोंड बांधवांपुढे ही ओळ आम्ही का लपवावी? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांनी आम्हाला व्यक्तिपूजा नव्हे, चिकित्सा शिकवली. स्वतःच्या हिंसेची कबुली दगडावर कोरली, म्हणून अशोक थोर. त्याचा इशारा मात्र आमचा वारसा नाही. वनहक्कासाठी लढणाऱ्या ग्रामसभेसोबत उभे राहू, तेव्हाच अशोकाचे नाव घेण्याचा अधिकार आम्हाला मिळेल.

जय भीम!