वडिलांची सायकल, लेकीचे कॉलेज

आमच्या घरामागच्या बोळात, फाटक्या ताडपत्रीखाली, चौदा वर्षे एक सायकल उभी होती. वडिलांची. 1976 साली सोसायटीचे कर्ज काढून घेतलेली काळी ॲटलास, 22 इंची. तिच्यावरून ते येरवड्याहून होळकर पुलामार्गे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळीला जात. सुटीच्या दिवशी पुढे दांडीवर आम्ही आणि मागे कॅरिअरवर आई, असे सगळे घर त्या दोन चाकांवर फिरलेले आहे. त्या काळी पुण्यात डबलसीट दिसली की पोलीस पकडीत, रात्री दिवा नसला तरी पकडीत. म्हणून चौकाच्या अलीकडे आई उतरून चालत येई आणि पलीकडे पुन्हा बसे. वडील कालकथित झाले आणि सायकल बोळात गेली. विकली नाही, वापरलीही नाही.

यंदा जूनमध्ये तिची आठवण निघाली. मुलगी अकरावीला गेली. कॉलेज बंडगार्डनच्या पुलापलीकडे, तास सकाळी सातला. त्याच सुमारास आठवीतल्या चिरंजीवांनी गियरच्या सायकलीचा हट्ट धरला. आम्ही मोठ्या शहाणपणाने हिशोब मांडला. आजोबांची सायकल दुरुस्त करून ताईला द्यावी आणि धाकट्याला नवी घ्यावी. जुनी सायकल मजबूत, ताई समजूतदार. मुलांच्या आईनेही मान डोलावली. लेक मात्र म्हणाली, "पप्पा, लांब तर मला जायचंय, मग जुनी मला का?"

ओठावर आलेले उत्तर उच्चारायची लाज वाटली. मुलगी समजूतदार म्हणून तिच्या वाट्याला उरलेसुरले येते, हे आम्हीच वस्तीतल्या सभांतून माईकवर सांगत आलो आहोत.

त्या दिवशी विषय तिथेच थांबवला आणि आधी सायकल नाक्यावरच्या मिस्त्रींकडे ढकलत नेली. वयाने ते आमच्याहून मोठे. त्यांनी गंजाकडे पाहिलेही नाही, दोरा मागितला. मागचे चाक जिथे बसते त्या एका खाचेपासून दोरा पुढच्या मुंडक्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजले. दोन्हीकडे सारखे, म्हणजे फ्रेम सरळ. मग मुंडक्याखालचा जोड चिंधीने पुसून चीर आहे का ते पाहिले. गंजाने पत्रा खाल्ला आहे का म्हणून पायडलजवळची नळी ठोकून पाहिली. म्हणाले, "हाडं शाबूत आहेत. बाकी सगळं नवं चढवता येतं." वाचकहो, जुन्या सायकलीवर खर्च करावा की नाही हे ठरवायला एवढी तपासणी पुरे. फ्रेम वाकलेली किंवा जोडाला चीर असेल, तर मायेपोटीसुद्धा पैसे घालू नयेत.

आम्हाला भीती होती ती सामानाची. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला. मिस्त्री हसले. या काळ्या सायकलींची मापे सगळ्या कंपन्यांची जवळजवळ एकच. 28 बाय दीडचा टायर, कॉटर पिन, छर्रे, कप-कोन अजून मिळतात आणि एकीचे दुसरीला बसतात. टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, मागच्या चाकाच्या काही तारा, आऊट काढणे आणि मजुरी धरून 2,600 रुपये झाले. रंगाला आम्हीच नको म्हटले. कर्वेनगरला जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, तिथे शोभेल अशी ती करायची नव्हती. शिवाय दांडीवरचा रंग आमच्याच चड्डीने घासून गेलेला आहे.

मग दुकानात गेलो. स्प्रिंगचा पुढचा चिमटा, डिस्क ब्रेक, 21 गियर! चिरंजीव तर सायकलीपासून हलेनात. उचलून पाहिली, तर जुनीपेक्षा फारशी हलकी नाही. स्वस्तातल्या सायकलीचा तो स्प्रिंगचा चिमटा पायडलचा जोर खातो आणि दोन पावसाळ्यांत खडखडू लागतो. गियरची तार ढिली झाली की चेन उड्या मारते, आणि ती नीट बसवणारा हात प्रत्येक नाक्यावर नसतो. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. चढाच्या रस्त्याला चांगली गियरची सायकल खरोखर उपयोगी, पण ती चांगली आमच्या पगाराला पेलत नाही.

तरीही नव्याची एक बाजू मान्य केली पाहिजे. जुन्या सायकलीचा सळीचा ब्रेक रिम ओली झाली की नावापुरता उरतो. वडील पावसात पुलाच्या उतारावर चपला घासत थांबत, हे आम्ही दांडीवर बसून पाहिले आहे. तेव्हा रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या, धक्का लागला तरी सायकलीचाच. आज बंडगार्डनच्या पुलावरच्या बस आणि डंपरच्या गर्दीत सोळा वर्षांच्या मुलीला त्या ब्रेकवर सोडायचे? वर ती उंच दांडी, सीटवर बसून पाय जमिनीला पोचत नाहीत. लेकीने मागितले ते एवढेच, "पाय टेकले पाहिजेत आणि ब्रेक लागला पाहिजे. गियर नसले तरी चालतील."

तशीच घेतली. बिनगियरची, खाली वाकलेल्या दांडीची, 26 इंची चाकांची, मडगार्ड-कॅरिअरसकट 6,800 रुपयांना.

ॲटलास आता आम्हीच चालवतो. कामावर, भाजीला, रविवारी विहारात. गुडघे पहिले आठ दिवस बोलले, मग गप्प झाले. चिरंजीव मात्र अजून रुसलेले आहेत. आजोबांची सायकल चालवून बघ म्हटले, तर मित्र हसतील म्हणतात.

परवा आईला कॅरिअरवर बसवून हळूहळू दवाखान्यात नेले. चौक जवळ आला तसा तिने आमच्या पाठीवर हात मारला, "थांब रे, उतरते."