पाटी कुणाची, जंगल कुणाचं?



जंगलात कविता लावायची गोष्ट काढली की आपले कार्यकर्ते हसतात. रेशन नाही, नोकरी नाही, आणि हा बाबा झाडाखाली कविता टांगायला निघाला! हसा. हसून झालं की ऐका.

पाटी ही साधी चीज नाही. कुणी कुठं यायचं, कुठल्या पाणवठ्याला शिवायचं नाही, हे या देशात आधी तोंडानं सांगितलं, मग पाटीनं. कुठल्याही राखीव जंगलाच्या तोंडाशी उभे राहा. प्रवेश बंद. मनाई आहे. कारवाई होईल. म्हणजे जंगलात शब्द आधीच आहेत, पण ते हुकमाचे. त्या हुकमाशेजारी माणसाचा शब्द उभा करायची संधी असेल, तर ती पानाफुलांच्या कवींना आंदण का द्यायची?

अमेरिकेत २०२४ साली हे करून झालं. राजा नसलेल्या त्या देशातही राजकवीपद आहे. ते तेव्हा आडा लिमोन या कवयित्रीकडं होतं. तिच्या पुढाकारानं सात राष्ट्रीय उद्यानांत, सहलीला आलेली माणसं जिथं डबा सोडतात त्या टेबलांवर कविता आल्या. ग्रेट स्मोकीच्या डोंगरात ल्युसिल क्लिफ्टन या काळ्या कवयित्रीची. अ‍ॅरिझोनाच्या सग्वारो उद्यानात ओफेलिया झेपेडाची. ही बाई तोहोनो ओओधम या आदिवासी जमातीची, आणि कविता तिच्या ओओधम बोलीत, सोबत इंग्रजी.

चांगलं झालं. पण टाळ्या पिटायच्या आधी खालची माती उकरा. स्मोकीच्या मुलखातून चेरोकी लोकांना १८३८ साली बंदुकीच्या धाकानं पश्चिमेकडं हाकललं. हजारो माणसं त्यात मेली. शेनॅन्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन ही वेगळी जागा निग्रोंसाठी म्हणून राखली होती. रीतसर पाटी लावून! त्याच उद्यानखात्याच्या टेबलावर आता काळ्या बाईची कविता आली. ती जुनी पाटी काही कवितेनं उतरवली नाही, काळ्या माणसांच्या लढ्यानं उतरवली. कविता मागून आली. हा क्रम विसरू नका.

आता बोरिवलीला या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभरावर चौरस किलोमीटर. १९९७ साली हायकोर्टानं या जंगलातली अतिक्रमणं हटवायचा हुकूम दिला, आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. शहराला हवा पाहिजे होती. शहराची भांडी घासणारी, विटा वाहणारी माणसं नको होती. जंगलातले आदिवासी पाडेही त्याच काट्यावर तोलले जातात. वारली चित्र भिंतीवर चालतं, साडीवर चालतं, हॉटेलात चालतं. वारली माणूस त्याच्या जंगलात चालत नाही!

अशा जागी उद्या कुणी साहित्यिक पावसाची गोड कविता फ्रेम करून लावील आणि त्याला लोककला म्हणेल. मी म्हणतो, ती उठवलेल्या माणसाच्या चुलीवर ठेवलेली कुंडी आहे.

मग काय, कविता लावायचीच नाही? लावायची. कारण या जंगलात आपले शब्द कधीचे लागलेले आहेत. याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, आणि दगडात कोरलेले लेख ब्राह्मी लिपीत, बरेचसे प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत. त्यात राजे आहेत, व्यापारी आहेत, पण कारागीरही आहेत. कल्याणच्या एका सोनारानं पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्याच एका लोहारानं वाट दिली. भिक्षुणींनी दानं दिली, त्यांचीही नावं आहेत. टाक्याला तिथं शब्द आहे ‘पोढी’. आणि दान कुणाला? चारी दिशांच्या भिक्षुसंघाला! कुठून आलास ते विचारलं, कुठल्या जातीचा ते नाही. त्याच महाराष्ट्रात महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. कोरलेला शब्द मधल्या काळात कुणी पुसला, हे मी सांगायला नको.

आणि निसर्ग आपला विषय नाही म्हणणाऱ्यांनी थेरीगाथा उघडावी. तिथं पुण्णिका आहे, पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडक्या मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं माणूस शुद्ध होत असेल तर बेडूक-कासवं सगळी स्वर्गातच जातील की! नदीकाठची कविता ही अशी असते.

म्हणून आपली मागणी तीन कलमांची. दगडाला छिन्नी लावायची नाही, तो आपला वारसा आहे, पाट्या लावा. पहिलं, कान्हेरीच्या टाक्यांपाशी दात्यांची नावं सोप्या मराठीत, ठळक, शाळेच्या पोराला वाचता येतील अशी. दुसरं, जंगलातली कविता आधी पाड्यांच्या बोलीत, मग मराठीत. आणि निवड पाड्यातली माणसं करतील, कुठली समिती नाही. तिसरं, जिथून झोपड्या उठवल्या तिथं ते साल आणि ती गोष्ट लिहा. ही तिसरी पाटी लावायला जो तयार नाही, त्याची कविता आपल्याला नको.

अर्ज लिहायला घेतलाय. सह्या लागतील. ज्याला हे काम फुटकळ वाटतं, त्यानं एका सुट्टीला कान्हेरी चढावी, त्या सोनाराचं टाकं शोधावं आणि मग सही करायची की नाही ते ठरवावं.

जयभीम.