'हँडमेड' पेन : लाकूड बाभळीचं, जबाबदारी कुणाची?

लाकडाच्या पेनाचा एखादा व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर येऊन गेलाच असेल. लेथवर ओबडधोबड तुकडा गरगर फिरतो, सालपटांच्या लडी उडतात, तासाभराचं काम अर्ध्या मिनिटात उरकतं आणि चकाकणारं पेन हातात येतं. खाली लिहिलेलं असतं, 'शंभर टक्के हँडमेड'. त्या व्हिडिओत एक गोष्ट मात्र सहसा दिसत नाही. ते छोटं प्लास्टिकचं पाकीट, ज्यातून टोक, क्लिप, फिरकी, मधली कडी आणि रिफील बाहेर पडते. पेन लिहितं ते या पाकिटातल्या मालावर. लाकूड हा त्यावरचा अंगरखा.

मी अकलूजला राहतो आणि बाभूळ, बोर, कडुनिंब अशा बांधावरच्या लाकडांची पेनं कातून विकतो. त्या पाकिटाला आमच्या धंद्यात 'किट' म्हणतात. माझं म्हणणं सरळ आहे. किट वापरणं हा गुन्हा नाही. पण किट घेताना नुसता भाव बघायचा आणि पेन विकताना किटचा उल्लेखच गाळायचा, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आणि स्वतःला कारागीर म्हणवणाऱ्या माणसाची त्याहून मोठी.

किट निवडलं की निम्मं पेन ठरलं

लेथवर लाकूड घडवण्याला मराठीत कातणं म्हणतात, ते करणारा कातारी. रेखीव गोष्टीला आपण 'कातीव' म्हणतो, तो शब्द याच कामातून आला. पलंगाचे खूर, पोळपाट, लाटणी, सावंतवाडीची लाखेनं रंगवलेली खेळणी, हे सगळं कातकामच. यातल्या बहुतेक वस्तू आतून-बाहेरून एकाच लाकडाच्या. भोवऱ्याला तेवढी खालून लोखंडी आर लागायची. पण ती गेली तर दुसरी ठोकता यायची, त्यासाठी भोवरा टाकून द्यावा लागत नव्हता.

पेनाचं तसं नाही. सगळ्यात जास्त खपणारं किट म्हणजे 'स्लिमलाइन'. त्यात ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या येतात. लाकडाच्या ठोकळ्याला तेवढंच भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, दोन्ही तोंडं काटकोनात सपाट करायची, ठोकळा सळईवर चढवायचा आणि दोन्ही कडांना 'बुशिंग' नावाच्या मापाच्या कड्या लावायच्या. मग त्या कड्यांच्या जाडीपर्यंत लाकूड उतरवत न्यायचं. शेवटी पॉलिश करून धातूचे भाग दाबून बसवायचे. कडेला लाकूड एक मिलिमीटरभरही जाड उरत नाही. पेन किती जाड होणार, बोटांच्या पकडीत कसं बसणार, वजन पुढं पडणार की मागं, यातलं बरंचसं त्या कड्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मधला फुगवटा किंवा निमुळतेपणा तेवढा आपला.

म्हणून किट निवडणं हीच या कामातली पहिली कारागिरी आहे. आणि नेमक्या त्याच टप्प्यावर आपले लोक डोळे मिटून घेतात. अकलूजच्या घोडेबाजारात दात बघितल्याशिवाय आणि चालवून बघितल्याशिवाय कुणी घोडं घेत नाही. कारखान्याला ऊस घालताना आपण काट्याचं बोलतो, रिकव्हरीचं बोलतो. पण तोच माणूस मोबाईलवर किटचा फोटो बघतो, 'गोल्डन' एवढा एकच शब्द वाचतो आणि पन्नास नग मागवून मोकळा होतो.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न रिफीलचा. स्लिमलाइनमध्ये क्रॉस पद्धतीची बारीक रिफील लागते. ती तालुक्याच्या गावात स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळेल अशी खात्री नाही. उलट 'सिगार' नावाचं जाड किट १० मिलिमीटरच्या नळ्यांचं असतं, त्यात पार्कर पद्धतीची रिफील बसते. ती एका ठरलेल्या मापाची असते, अनेक कंपन्या बनवतात आणि बसस्टँडजवळच्या दुकानातही मिळते. फाउंटन पेनाचं किट असेल तर निब ठरलेल्या क्रमांकाची आहे का, कन्व्हर्टर सर्वसाधारण मापाचा बसतो का, हे बघायला हवं. माझी कसोटी साधी आहे. हे पेन वेळापूरच्या किंवा नातेपुत्याच्या मास्तरांना दिलं, तर शाई संपल्यावर त्यांनी काय करायचं? याचं उत्तर 'ऑनलाईन शोधा' असेल, तर ते पेन नाही, शोकेसची वस्तू आहे.

दुसरा प्रश्न मुलाम्याचा. 'गोल्ड' या शब्दाला एकट्याला काही अर्थ नाही. सोन्याचा पातळ मुलामा मऊ असतो. रोज हातात धरलेल्या, घाम लागणाऱ्या पेनावरून तो लवकर झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो. क्रोम त्याहून टणक. टायटॅनियम नायट्राइड दिसतं सोन्यासारखंच, पण झिजेला कितीतरी जास्त टिकतं. आता सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. घामेजलेल्या बोटांत दिवसभर असणारं पेन. बाभळीचं लाकूड आपले पूर्वज नांगराला आणि बैलगाडीला वापरत आले, ते पेनात कशाला खराब होईल? पण त्याच्या पुढचं टोक वर्षभरात काळं पडलं, तर लोक लाकडाला चांगलं म्हणणार नाहीत. 'अकलूजवरून आणलेलं पेन फालतू निघालं' एवढंच म्हणतील.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो सुट्या भागांचा. क्लिप तुटली, फिरकी अडकली, तर तेवढाच भाग मिळतो का? हाच प्रश्न मी किट विकणाऱ्यांना विचारत आलोय. एका विक्रेत्यानं मला सांगितलं, ''क्लिप सुटी मिळत नाही, नवीन किट घ्या.'' एकाकडून तेच नाव असलेलं किट वर्षानं पुन्हा मागवलं, तर मधल्या कडीचं माप बदललेलं. जुनी बुशिंग बसेनात. ''वरून माल बदलून आला,'' हे त्याचं उत्तर. हा 'वरून' म्हणजे कोण, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

माझ्या लेखी चांगला पुरवठादार कसा ओळखायचा, तर तो स्वस्त आहे का यावरून नाही. तो बुशिंग आणि नळ्या सुट्या विकतो का? मुलामा कुठला ते लिहून देतो का? माप बदललं तर आधी सांगतो का? वर्षभरानं फोन उचलतो का? ज्याच्याकडे हे नाही, तो पुरवठादार नाही, नुसता पाकिटं पुढं ढकलणारा आहे. तिथं एका किटमागं पन्नास रुपये वाचले तरी ती बचत नाही. ते पैसे आपण आपल्या नावातून खर्च केलेले असतात.

शिंपी बटणं करत नाही

इथं दोन बाजूंनी आरडाओरडा होणार, हे मला माहीत आहे.

एक बाजू शुद्धतावाद्यांची. त्यांच्या मते किट वापरलं की ते पेन हाताचं राहिलंच नाही. खरा कारागीर आटे स्वतः पाडतो, टोपणही स्वतः बनवतो. तसं काम करणारे आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पुण्याचं फॉस्फर, तमिळनाडूतलं रंगा, हैदराबादचं डेक्कन ही नावं फाउंटन पेनवाल्यांना सांगावी लागत नाहीत. पण हाताच्या पेनांचे कितीतरी नावाजलेले कारागीर निब जर्मनीतल्या योवो किंवा बॉक या कंपन्यांची घेतात आणि ते लपवत नाहीत. शिंपी बटणं करत नाही, धागाही करत नाही. म्हणून शर्ट त्यानं शिवला नाही असं होत नाही. पण बटण तुटलं तर शिंपी दुसरं लावून देतो. मुद्दा तिथं आहे. कारागिरी म्हणजे सगळं स्वतः बनवणं नव्हे, जे आपल्या नावानं विकलं त्याचं उत्तर आपण देणं.

गावगाड्यात सुतार शेतकऱ्याला नुसता नांगर देत नसे. तो वर्षभर चालता ठेवायची जबाबदारी त्याच्यावर असे आणि सुगीत त्याला धान्य मिळे. ती पद्धत जातीचं जोखड होती, माणसाला जन्मानं बांधणारी होती. ती गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर 'विकलेल्या वस्तूचं पुढं काय' हा प्रश्नही आपण फेकून दिला, ते काही बरं झालं नाही. आता बांधिलकी जातीनं लादलेली नाही. मग ती आपणहून घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी बाजू बाजाराची. ''गिऱ्हाईक दोनशेच्या वर देत नाही, मग स्वस्त किटशिवाय पर्याय काय?'' हा प्रश्न खोटा नाही. लेथ हप्त्यावर घेतलेली, वीज कधी येईल-जाईल याचा भरवसा नाही, आणि समोरचा म्हणतो, 'लाकूडच तर आहे!' अशा पोराला मी नीतीचे धडे देणार नाही. दोनशेचं पेन जरूर विका. पण ते दोनशेचं म्हणून विका. त्यावर 'पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं' असं लिहू नका.

मला चीड येते ती एका विशिष्ट लबाडीची. तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होतं. त्या वाटेवरच्या कडुनिंबाचं लाकूड म्हणून पेनाची जाहिरात करायची. झाड कसं होतं, सावली कशी होती, कोण कोण त्याखाली टेकलं, यावर तीन परिच्छेद. आणि ज्या टोकातून शाई उतरते त्याबद्दल एक अक्षर नाही. लाकडाची गोष्ट सांगायची आणि धातूची लपवायची. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर मूळ देश छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. किटच्या पाकिटावर तो असतो, पण पाकीट कचऱ्यात जातं आणि पेनावर 'अस्सल देशी'चं लेबल चढतं.

'देशी' हा शब्द पेनाच्या बाबतीत आपल्याकडे एकेकाळी फार काटेकोरपणे वापरला गेलाय. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३२मध्ये पेनाचं काम सुरू केलं. त्यांचं देशी फाउंटन पेन वापरून गांधीजींनी १९३५मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं. तेव्हा देशी पेन म्हणजे नुसती देशी नळी असं कुणी मानलं नसतं. आज आपण बाजारातली बहुतेक किटं तैवानची किंवा चीनची घेतो, आणि मला त्यात लाज वाटत नाही. काही तैवानी किटं उत्तम असतात. लाज वाटते ती या गोष्टीची की ज्या देशात जामनगरसारखं पितळी भागांचं गाव आहे, कानपूरला निबा बनतात, तिथं लाकडाच्या पेनाला लागणारी साधी क्लिप आणि कडी आपण एकत्र येऊन बनवून घेऊ शकत नाही. कारण आपण एकमेकांना पुरवठादाराचं नावसुद्धा सांगत नाही. वीस जणांनी एका मापावर एकमत केलं आणि एकत्र मागणी दिली, तर निदान सुटे भाग तरी मिळतील. सहकाराच्या जिवावर उसाचे कारखाने उभे केलेल्या भागात हे शिकवायला बाहेरून कुणी यायला हवं का?

तोवर एक गोष्ट आजच करता येते. पेनाबरोबर एक चिठ्ठी द्यायची, पाच ओळींची. लाकूड कुठलं आणि किती दिवस वाळवलं. किट कुठल्या देशाचं. मुलामा कुठला. रिफील कुठली बसते. बिघडलं तर कुणाला फोन करायचा. लाकूड वाळवल्याची ओळ शोभेची नाही. वैशाखात अकलूजला कातलेलं ओलसर लाकूड आषाढात कोकणात गेलं की फुगतं, पुन्हा सुकलं की आकसतं. आतली पितळी नळी मात्र तसूभरही हलत नाही, मग तडा जातो तो लाकडाला. या चिठ्ठीला खर्च शून्य. तरी ती कुणी देत नाही, कारण चिठ्ठी लिहायची तर आधी उत्तरं माहीत हवीत. पुरवठादाराला विचारल्याशिवाय ती मिळणार नाहीत, आणि विचारलं की स्वस्तातले निम्मे विक्रेते आपोआप गळतील.

आणि तुम्ही, पेन घेणारे. रील बघून ऑर्डर टाकण्याआधी एवढंच विचारा : ''क्लिप तुटली तर?'' जो थेट उत्तर देईल, त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्या. जो बाभळीच्या रेषांबद्दल बोलायला लागेल, त्याला सांगा, रेषा छानच आहेत, पण मी क्लिपचं विचारलं होतं.