वाऱ्याला शेजारही मोजावा लागतो

१ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज वीजकेंद्राचे पाणी थंड करणारे आठपैकी तीन मनोरे वादळात कोसळले. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरचे नव्हेत, तर त्यांच्या मागच्या रांगेतले! पुढच्या मनोऱ्यांमधून घुसलेला वारा खवळून त्यांच्यावर आदळला होता. आराखड्यात मात्र झोतांऐवजी सरासरी वेग धरलेला होता.

आज असा प्रवाह संगणकाच्या पडद्यावर आधीच पाहता येतो. त्याचे मी स्वागतच करतो. पण संगणक विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. शेजारच्या इमारती आणि वाऱ्याचे झोत त्याला सांगितलेच नाहीत, तर चित्र सुरेख निघेल. इमारतीची खात्री कोण देणार? म्हणूनच उंच बांधकामाची प्रतिकृती, शेजाऱ्यांसकट, वाऱ्याच्या बोगद्यात तपासलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.