पाण्याआधी घरे

दिवसभर पाण्यावाचून राहिलेल्या रोजेदाराला इफ्तारच्या पहिल्या घोटाची किंमत सांगावी लागत नाही. सोमाटणे फाट्यापासून शिरगावच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतल्या रहिवाशांनाही ती उन्हाळ्यात कळते, मग धर्म कोणताही असो. जवळून पवना वाहते आणि सोसायटीत टँकर येतो, याचे मावळात आता नवल उरलेले नाही.

अशा वेळी एक ठरलेले वाक्य कानी पडते, ‘लोकसंख्या फार वाढली.’ कधी ते कुणा एका समाजाकडे बोट दाखवूनही म्हटले जाते. ते कितपत खरे, हे मालदीवकडे पाहून कळते. या मुस्लिम बेटराष्ट्रात ऐंशीच्या दशकापर्यंत एका स्त्रीमागे सरासरी सहाहून अधिक मुले होती. आज दोनही नाहीत. तरी राजधानी माले खच्चून भरलेली आहे. नोकरी, कॉलेज, मोठा दवाखाना तिथेच, म्हणून दूरच्या बेटांवरची कुटुंबे तिकडे येत राहिली. देशाची वस्ती सुमारे पाच लाख, त्यातले चाळीस टक्के लोक माले परिसरात. बेटाखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर उपशाने खारा झाला, तेव्हा समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडणे आले. 4 डिसेंबर 2014 रोजी त्या केंद्रात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवले.

मावळ बेट नाही, पण इथलेही पाणी मोजकेच आहे. पिंपरी-चिंचवडची वस्ती 2001 मध्ये 10 लाख होती, 2011 मध्ये 17 लाख झाली. ही वाढ काही पाळण्यातून आलेली नाही. बहुतेक माणसे कामाच्या ओढीने आली. शहराची मुख्य भिस्त मात्र पवना धरणावरच. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. त्याआधी, 9 ऑगस्ट 2011 रोजी, याच धरणातून शहराकडे जाणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करताना बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

तरीही पुणे परिसरात घरे आधी आणि पाणी नंतर, हीच रीत आहे. पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डर देतो. ताबा दिल्यावर टँकरचे बिल रहिवाशांच्या माथी. हे उलटे व्हायला हवे. बारमाही पाणी कुठून आणि किती, हे ठरल्याशिवाय पीएमआरडीएने नव्या गृहप्रकल्पाला परवानगीच देऊ नये.

प्रेषित वुजूला एक मुद, म्हणजे जेमतेम ओंजळभर पाणी घेत. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, अशी त्यांची शिकवण. रमजानमध्ये मशिदीत नळ बारीक सोडायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण शेजारी तरणतलावाची जाहिरात करून फ्लॅट विकले जात असतील, तर एकट्या नमाजीने किती वाचवायचे? सोमाटण्याच्या पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न मशिदीतल्या आणि मंदिरातल्या माणसांनी मिळून विचारावा. टँकरवाला दोघांकडूनही सारखाच दर घेतो.