पगारस्लिपवरच्या त्या दोनशे रुपयांचं कारण लिहा

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत लहान फाउंड्र्या आणि मशीन शॉपचे पगार काढणं हे माझं काम. दर फेब्रुवारीत कामगार विचारतात, "पीटी दरवेळी दोनशे, मग या महिन्यात तीनशे कशी?" हिशेब साधा आहे. पीटी म्हणजे व्यवसाय कर; त्याची वर्षाची कमाल मर्यादा २,५०० रुपये. अकरा महिने दोनशेप्रमाणे २,२०० होतात आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत कापले जातात. एवढं पटतं. पण लगेच दुसरा प्रश्न येतो, "हा पैसा जातो कुठं?" आणि त्यावर आपल्या सरकारचा एक शब्दही त्या कामगाराच्या हातात पडत नाही.

वास्तविक हे उत्तर अभिमानानं सांगावं असं आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर आली. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांनी लावून धरलेली कल्पना कायमची चालवायची तर तिला हक्काचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या कराचं उत्पन्न हमीच्या निधीत जाईल आणि तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालेल, अशी तरतूद त्यात केली गेली. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे या राज्यानं कायद्यात लिहून ठेवलं. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर पाव शतकानं, २००५ साली आला.

लेथवर काम करणारा एक मुलगा मूळचा जत तालुक्यातला. त्याची आजी हमीच्या कामावर पाझर तलावाची माती वाहायची. त्या कामाचा पैसा कुठून यायचा हे सांगितल्यावर तो स्लिपवरची पीटीची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचायला लागला. मग म्हणाला, "हे लिवा की मग हितं."

माझी पहिली मागणी हीच आहे. व्यवसाय कराच्या ओळीखाली 'रोजगार हमीसाठी' एवढे शब्द छापणं मालकांवर बंधनकारक करा. मालक स्वतःचे २,५०० भरतात, त्या चलनावरही ते येऊ द्या. आणि दरवर्षी अर्थसंकल्पासोबत एक पानभर हिशेब मराठीत द्या: कर किती जमला, सरकारनं किती घातले, कुठल्या जिल्ह्यात कुठली कामं झाली, किती रक्कम खर्चाविना पडून राहिली. लोकांना कर नको असतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांचा राग दोनशे रुपयांवर कमी असतो. आपल्याला कुणी काही सांगायच्या लायकीचं समजत नाही, याची चीड त्यात जास्त असते.

दुसरी मागणी न्यायाची. महिना दहा हजारांच्या वर एक रुपया मिळवणारा हेल्पर वर्षाला २,५०० भरतो आणि महिना दहा लाख घेणारा संचालकही तेवढेच. वरची मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातली आहे. १९८८ च्या दुरुस्तीनं ती २५० वरून २,५०० झाली आणि तिथंच थांबली. ती बदलणं संसदेच्या हातात आहे, तिथं राज्याच्या वतीनं आग्रह धरा. खालची मर्यादा मात्र आपल्याच हातात आहे. २०२३ मध्ये महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत हा कर माफ झाला, ते योग्यच झालं. पुरुषांना तो अजून ७,५०० च्या वर सुरू होतो. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसालाही पंचवीस हजारांपर्यंत तीच सूट येत्या अर्थसंकल्पात द्या.

आपला,
पगारपत्रकं करणारा एक नागरिक