ड्रोन आणि शिकारीची टेहळणी

फवारणीच्या कामासाठी ड्रोन आता खेडोपाडी येऊ लागले आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेने ते महिला बचत गटांच्या हाती दिले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अशाच एखाद्या लहान ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा बसविला की, अंधारात बांधालगत उभा असलेला डुकरांचा कळपही दिसू लागतो. मोह कोठे पडतो हे सांगावयास नको.

अमेरिकेत हा प्रश्न आधीच उद्भवला. अलास्का राज्यात विमानातून फिरून आलेल्या शिकाऱ्यास दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत बहुतेक मोठ्या सावजांवर बंदूक चालविता येत नाही, असा जुना नियम आहे. ड्रोन आल्यावर तेवढ्याने भागेना. २०१४ साली अलास्का व कोलोरॅडो या दोन्ही राज्यांनी ड्रोनच्या साह्याने होणाऱ्या शिकारीस मनाई केली. तेथे शिकार कायदेशीर आहे, आणि तरीही शिकाऱ्यांच्या संघटनांनीच ही मनाई मागितली. ज्या सावजाला निसटावयास वावच नाही, त्याची शिकार कसली, असे त्यांचे म्हणणे होते.

गोळी सुटली नाही तरी जनावराला त्रास होतोच. मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या अंगी हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडविण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अस्वले क्वचितच पळाली. पाहणाऱ्यास ती स्वस्थच वाटली असती. पण त्यांचे ठोके वाढले होते, एका वेळी तर मिनिटास तब्बल १२३ ने. तेव्हा जनावर हलले नाही म्हणजे त्याला काही झाले नाही, हा समज सोडून दिला पाहिजे. पक्ष्यांचे तर विचारूच नये. २०२१ साली कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे एक ड्रोन कोसळताच सुरय जातीचे पक्षी उडून गेले, आणि दीड हजारांहून अधिक अंडी तशीच टाकली गेली.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये केवळ मारणे म्हणजे शिकार नव्हे. पकडणे, फासे लावणे, आमिष दाखविणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. ड्रोनने कळप हेरून तो बंदुकीच्या टप्प्यात हाकणारा मनुष्य 'मी तर नुसते यंत्र उडविले' असे म्हणून सुटू शकणार नाही.

डुकरे एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतात, तेव्हा शेतकऱ्याचा संताप खरा असतो. त्याला उपदेश नको, भरपाई हवी. उभ्या पिकास धोका असेल तर अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली लेखी परवानगीची तरतूद आहे. तो मार्ग लांबचा वाटतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच गावपातळीवरील कार्यकर्त्याने नुकसान होताच अर्ज लिहून देण्यास व पंचनामा करून घेण्यास हातभार लावावा. सकाळच्या उजेडात वरून घेतलेले शेताचे छायाचित्र अर्जासोबत जोडले तर ड्रोनचाही सदुपयोग होईल. ज्या गटाकडे ड्रोन आहे त्याने एक वही ठेवावी आणि तीत उड्डाणाची वेळ, कोणाचे शेत व कोणते काम, एवढे लिहावे. रात्री यंत्र मागावयास येणाऱ्याला ती वही दाखवावी.